दोन्ही हातांत हत्यार: टर्नला हल्ले नक्की किती?

परभणीहून एका नव्या डीएमनं, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ चालवणाऱ्यानं, विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: टेबलवरचा फायटर (लढवय्या कॅरेक्टर) दोन्ही हातांत शॉर्टसोर्ड, म्हणजे आखूड तलवार, घेऊन खेळतो, आता पाचव्या लेव्हलला पोचलाय. तो म्हणतो, "दोन हात, एकेका हाताला दोन हल्ले, म्हणजे टर्नला चार." शेजारचा म्हणतो, तीनच. तिसरा म्हणतो, तीन करा नाहीतर चार करा, पण दुसऱ्या हाताला वजाबाकी असते ती तुम्ही विसरायलाव. त्यात फायटरला पुढच्या शहरात दोन दांडपट्टे विकत घ्यायचेत. द्यावेत का?

हल्ले तीन. म्हणजे तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सचे २०१४ चे नियम खेळत असाल तर तीन. पण गंमत अशी की तुमचे तिघंही कुठल्या ना कुठल्या पुस्तकात बरोबर आहेत. वजाबाकीवाला २००३ च्या नियमांत बरोबर आहे. चारवाला २०२४ च्या नियमांत एक फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) आणि नेमकं हत्यार जवळ असेल तर बरोबर ठरू शकतो, फक्त त्यानं दिलेलं कारण कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही. एकेका हाताला दोन हल्ले असा हिशेब या खेळात नाही. हात मोजायचेच नाहीत, ॲक्शन मोजायच्या.

आधी २०१४ चा नियम सरळ सांगतो. तुम्ही आपल्या टर्नला अटॅक ॲक्शन घेतली आणि एका हातातल्या लाइट मेली (जवळून हाणायच्या) हत्यारानं हल्ला केला, की दुसऱ्या हातातल्या वेगळ्या लाइट मेली हत्यारानं बोनस ॲक्शन खर्चून एक हल्ला करता येतो. त्या बोनस हल्ल्याच्या डॅमेजमध्ये स्ट्रेंग्थचा (ताकद) किंवा डेक्सटेरिटीचा (चपळाई) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणाच्या आकड्यावरून ठरणारी भर, मिळवायचा नाही. मॉडिफायर उणे असेल तर मात्र तो धरायचाच, तिथं सूट नाही. दोन्हींपैकी एखादं हत्यार फेकण्याजोगं असेल, जसं हँडॲक्स (हातकुऱ्हाड) किंवा डॅगर (खंजीर), तर ते हाणण्याऐवजी फेकलं तरी चालतं. संपला नियम.

पाचव्या लेव्हलला फायटरला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, तो अटॅक ॲक्शनमध्ये. एकाचे दोन तिथं होतात. बोनस ॲक्शन होती तशी एकच राहते आणि तिच्यातून निघणारा हल्लाही एकच. दोन अधिक एक, तीन.

बोनस ॲक्शन म्हणजे काय हे मी आमच्या टेबलवर नळाच्या पाण्यानं समजावतो. मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा इथल्या पोरांना रेशनिंग शिकवावं लागत नाही. नळ आला की तेवढ्या वेळात जे भरलं ते भरलं. पिंप भरा, नाहीतर कपडे धुवा. दोन्ही होत नाही, आणि आज भरलं नाही म्हणून उद्या दुप्पट येत नाही. बोनस ॲक्शन तशीच. टर्नला एक, वापरली तर वापरली, उरलेली पुढच्या टर्नला जमा होत नाही. आणि ती मिळतेसुद्धा तुमच्याजवळ ती वापरायचं काही कारण असेल तरच. डाव्या हातातली तलवार हे फक्त एक कारण. कॅरेक्टरजवळ दुसरी कारणं किती आहेत, यावर त्या तलवारीची खरी किंमत ठरते. दोन हत्यारं घ्यावीत का, हा प्रश्न मला कुणी विचारला की मी उलट एवढंच विचारतो: तुझी बोनस ॲक्शन मोकळी असते का?

तिकडं वळण्याआधी रोजच्या चुका सांगून टाकतो. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मॉडिफायर दोन्हीकडून काढणं. दुसऱ्या हल्ल्याला लागण्याचा फासा, वीस बाजूंचा, टाकताना मॉडिफायर पूर्ण मिळवायचा, प्रोफिशन्सी (सरावाचा) बोनसही पूर्ण. वजा होतो तो फक्त डॅमेजमधून. पहिला हल्ला हुकला तरी दुसरा करता येतो. दुसरा हल्ला वेगळ्या शत्रूवर करता येतो, आणि मधे चालायचं शिल्लक असेल तर चालून जाऊनही. स्पेल (मंत्र) टाकला, पळालात, डॉज (वार चुकवण्याचा पवित्रा) घेतला, तर अटॅक ॲक्शन झालेली नाही, मग बोनस हल्लाही नाही. ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे शत्रू तुमच्याजवळून निसटताना मिळणारा वार, ही रिॲक्शन आहे. तिथं दोन तलवारी असल्या तरी वार एकच, पण तो डाव्या हातानं केला तरी मॉडिफायर पूर्ण मिळतो, कारण तो बोनस हल्ला नव्हेच. डावा-उजवा हा फरक नियमात कुठंही नाही.

लाइट म्हणजे वजनाला हलकं असंही समजू नका. सिमिटरचं वजन ३ पौंड दिलंय आणि ते लाइट आहे. रॅपियर २ पौंडांचंच, पण लाइट नाही. यादीत ज्याच्यापुढं लाइट लिहिलंय ते लाइट, वाद नाही. मेलीत ती अशी: डॅगर, हँडॲक्स, लाइट हॅमर, क्लब, सिकल, शॉर्टसोर्ड, सिमिटर. यातही डी६ चे, म्हणजे सहा बाजूंच्या फाशाचे, तीनच, हँडॲक्स, शॉर्टसोर्ड आणि सिमिटर. बाकीचे डी४.

हत्यार काढायचं राहिलं. टर्नला एक वस्तू फुकटात हाताळता येते, म्हणजे काटेकोर खेळलं तर पहिल्या राउंडला एकच तलवार म्यानातून निघते. मी हे पाळत नाही. दोन तलवारी कमरेला लावून हिंडणाऱ्या माणसाला दोन्ही एकदम उपसता येत नसतील तर त्यानं नांगर धरावा. तुम्हीही पाळू नका, पण खेळ सुरू करताना सांगून ठेवा.

आता हिशेब. मी ट्यूशनला गणित शिकवतो, त्यामुळं हा भाग लांबला तर माफ करा.

पहिल्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १६, म्हणजे मॉडिफायर +३. ग्रेटसोर्डचे (दोन हातांनी धरायची मोठी तलवार) दोन डी६, सरासरी ७, अधिक ३, झाले १०. दोन शॉर्टसोर्ड: पहिली ३.५ अधिक ३, दुसरी नुसती ३.५, मिळून १०. बरोबरी! पण फायटरला पहिल्याच लेव्हलला फाइटिंग स्टाइल निवडता येते. दोन हत्यारांची स्टाइल घेतली तर दुसऱ्या हल्ल्यालाही मॉडिफायर मिळतो आणि बेरीज १३ होते. ग्रेटसोर्डवाल्यानं त्याची स्टाइल घेतली, ती एक आणि दोन पडल्यावर फासा पुन्हा टाकायची, तर तो ११.३ वर जातो. म्हणजे सुरुवातीला दोन तलवारीवाला पुढं आहे. हे सगळे आकडे सगळे हल्ले लागले असं धरून आहेत. लागायची शक्यता दोघांना सारखीच, त्यामुळं तुलना बिघडत नाही.

पाचव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १८ धरू. दोन तलवारी, स्टाइलसकट: तीन हल्ले, प्रत्येकी ७.५, एकूण २२.५. ग्रेटसोर्ड, स्टाइलसकट: दोन हल्ले, २४.७. फळी उलटली. अकराव्या लेव्हलला फायटरला अटॅक ॲक्शनमध्ये तीन हल्ले मिळतात. स्ट्रेंग्थ २० धरली तर दोन तलवारीवाल्याचे चार हल्ले मिळून ३४, ग्रेटसोर्डवाल्याचे तीन मिळून ४०. कारण उघड आहे. त्याचा प्रत्येक नवा हल्ला मोठ्या फाशांचा, तुमचा प्रत्येक नवा हल्ला लहान फाशाचा, आणि तुमच्या जादाच्या हल्ल्याला वाढ नाही, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. ॲक्शन सर्ज, ही फायटरची जादा ॲक्शनची खुबी, मारली की अंतर आणखी वाढतं, कारण तिच्यातून ॲक्शन मिळते, बोनस ॲक्शन नाही.

म्हणून तुमच्या फायटरला आत्ताच सांगा की तो ज्या लेव्हलला भांडतोय तिथूनच त्याची उतरण सुरू होते. चार हल्ले मिळाले नाहीत म्हणून तो रुसेलच.

आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट दोन तलवारीवाल्याच्या बाजूनं आहे. २०१४ च्या गॉब्लिनला (किरकोळ राक्षस) सात हिट पॉइंट, म्हणजे सात डॅमेजला तो पडतो. त्याला ग्रेटसोर्डचे चौदा लागले तर सात वाया गेले. शॉर्टसोर्डचे दोन वेगळे वार दोन वेगळे गॉब्लिन पाडू शकतात. तुमच्या मोहिमेत झुंडी जास्त आणि राक्षस कमी असतील, तर दोन तलवारी टेबलवर वाटतात त्याहून बऱ्या.

आता रोग, म्हणजे चोरून वार करणारं कॅरेक्टर. (माझ्या आईनं एकदा जिन्यातून ऐकलं, "पाचव्या लेव्हलचा रोग आहे सर, वाचणार नाही." ती वर आली ती हळदीचं दूध घेऊनच.) या नियमाचा खरा फायदा कुणाला होत असेल तर रोगला. स्नीक अटॅक, म्हणजे चोरट्या वाराचं जादा डॅमेज, टर्नला एकदाच लागतो, पण कोणत्या हल्ल्यावर लागावा याचं बंधन नाही, हत्यार फिनेस (डेक्सटेरिटीनं चालवता येणारं) असलं आणि बाकी अटी जुळल्या की झालं. पाचव्या लेव्हलच्या रोगला लागण्यासाठी +७ धरा, समोरच्याची एसी (आर्मर क्लास, वार लागायला गाठायचा आकडा) १५. आठ किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे ६५ टक्के. एकच वार केला तर स्नीक अटॅक लागायची शक्यता तेवढीच. दोन वार केले तर दोन्ही हुकण्याची शक्यता ०.३५ गुणिले ०.३५, म्हणजे साधारण १२ टक्के, लागायची ८८. स्नीक अटॅकचे तीन डी६ म्हणजे सरासरी १०.५. एका वाराला पदरात पडतात ६.८, दोन वारांना ९.२. दुसऱ्या डॅगरचा स्वतःचा डी४ त्यापुढं किरकोळच.

पण रोगला दुसऱ्या लेव्हलपासून कनिंग अ‍ॅक्शन असते: बोनस ॲक्शननं पळा, सटका किंवा लपा. एकाच नळाखाली दोन घागरी. इथं नवे खेळाडू एकतर दर टर्नला दोन वार करतात आणि मार खातात, नाहीतर दर टर्नला लपतात आणि डाव्या हातातला डॅगर गंज खातो. खरं तर निवड आधी करायचीच नसते. पहिला वार करा, फासा बघा. लागला? स्नीक अटॅक वसूल झाला, आता बोनस ॲक्शननं मागं सटका. हुकला? आता दुसरा डॅगर काढा. रोगचं दुसरं हत्यार हा विमा आहे, अपघात झाला तरच वापरायचा. हे एका पोरीला मी एकदाच सांगितलं. नीटची तयारी करायला अहमदपूरकडून आली होती. त्यानंतर दोन वर्षं तिच्या रोगला मी नीट पकडू शकलो नाही.

रेंजरची, म्हणजे रानातल्या शिकारी कॅरेक्टरची, गोष्ट वेगळी आणि जरा दुःखाची. हंटर्स मार्क हा त्याचा लाडका स्पेल. खूण केलेल्या शत्रूला लागलेल्या प्रत्येक वाराला एक डी६ जास्त. तीन वार केले तर तीन डी६. ऐकलं की वाटतं हा दोन तलवारीसाठीच बनवलाय. पण टाकायला बोनस ॲक्शन लागते, आणि खूण केलेला मेला की खूण दुसऱ्यावर हलवायलाही बोनस ॲक्शनच लागते.

माझ्या टेबलवर हे एकदा फार वाईट दिसलं. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीवरून मी एक नकाशा बेतला होता. तोच काळाकुट्ट वळणावळणाचा दगडी बोगदा, चढत जाणाऱ्या पायऱ्या, वटवाघळांचा वास. समोरून गॉब्लिन येणार, पण जागा एकाचीच, त्यामुळं एकामागून एक. पुढं आमचा चौथ्या लेव्हलचा रेंजर, सर्जेराव, दोन शॉर्टसोर्ड. पहिला राउंड: बोनस ॲक्शननं खूण, मग एक वार, गॉब्लिन मेला. दुसरा राउंड: खूण पुढच्यावर हलवली, एक वार, मेला. तिसरा राउंड: तेच. चौथ्याला सर्जेरावचा मालक फासा हातात धरून माझ्याकडं बघत म्हणाला, "सर, ही दुसरी तलवार मी नुसती कशाला वागवलालो?"

हिशेब करून दाखवला. मॉडिफायर +३, दोन हत्यारांची स्टाइल आहे. खूण न करता दोन वार: १३. खूण करून पहिल्या राउंडला एकच वार: १०. दुसऱ्या राउंडपासून, तोच शत्रू जिवंत असेल तर, दोन वार मिळून २०. दोन राउंडांची बेरीज खुणेनं ३०, बिनखुणेनं २६. म्हणजे शत्रू दुसऱ्या राउंडपर्यंत टिकला तरच खूण परवडते. गॉब्लिनवर खूण करणं म्हणजे मुंगीसाठी पोलिस बंदोबस्त. बोगद्याच्या शेवटाला ५९ हिट पॉइंटचा ओगर बसवला होता, खूण त्याच्यासाठी राखायची होती. तोवर स्पेल स्लॉट संपला नव्हता, पण सर्जेरावचा मूड संपला होता.

बार्बेरियनचं पटकन: पहिल्या टर्नला रेज (त्वेष) चढवायला बोनस ॲक्शन जाते, पुढं मात्र रेजचे +२ स्ट्रेंग्थच्या प्रत्येक वाराला मिळतात, बोनस वारालाही. बरा सौदा. स्पिरिच्युअल वेपन टाकणारा क्लेरिक, मार्शल आर्ट्सवाला मंक, यांची बोनस ॲक्शन आधीच बुक आहे, त्यांनी दुसरं हत्यार घेऊ नये. ज्यांना स्पेल टाकायला हाताच्या हालचाली कराव्या लागतात त्यांचे दोन्ही हात अडकले तर वॉर कास्टर फीटशिवाय पंचाईत होते, हे रेंजरलाही लागू.

आणि ड्युअल विल्डर फीट. २०१४ ची. दोन हत्यारं हातात असताना एसी +१, लाइट नसलेली एकहाती हत्यारंही चालतात, दोन्ही एकदम काढता येतात. डी६ चा डी८ झाला म्हणजे वारामागं सरासरी एक वाढला. त्याच जागी डेक्सटेरिटी दोननं वाढवली तर वारामागं एक वाढतोच, वर लागायची शक्यता वाढते, आणि हलकं चिलखत असेल तर एसीसुद्धा. डेक्सटेरिटी वीसपर्यंत नेऊन झाल्यावर घ्या, आधी नको. ज्याला शोभेसाठी दोन रॅपियर पाहिजेत त्याला द्या, शोभेलाही किंमत असते.

आता तुमचा चारवाला. सप्टेंबर २०२४ मध्ये खेळाडूंचं नवं पुस्तक आलं आणि या सगळ्या भांडणावर खेळ बनवणाऱ्यांनी एक चांगला उतारा काढला. दुसऱ्या हाताचा हल्ला लाइट या गुणधर्मातच घालून टाकला, आणि प्रत्येक हत्याराला एकेक मास्टरी, म्हणजे खास खुबी, दिली. डॅगर, सिकल, लाइट हॅमर आणि सिमिटरला मिळाली निक. जो ती मास्टरी वापरायला शिकलाय त्याचा जादा हल्ला बोनस ॲक्शनऐवजी अटॅक ॲक्शनमध्येच होतो, टर्नला एकदाच. एक शॉर्टसोर्ड ठेवून सिमिटर घेतली की एका फटक्यात सर्जेराव मोकळा: खूण करा आणि दोन्ही तलवारीही चालवा. रोग दोन्ही वार करून वर सटकूही शकतो. शॉर्टसोर्डला दिली व्हेक्स, म्हणजे वार लागून डॅमेज झालं की त्याच शत्रूवर तुमच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाका, मोठा धरा). उजव्या हातात शॉर्टसोर्ड, डाव्यात सिमिटर, ही जोडी आता इतकी उघड झालीय की वेगळं काही घेतलेला खेळाडू दिसला की मला त्याचं कौतुक वाटतं.

आणि नवी ड्युअल विल्डर फीट. लाइट हत्यारानं हल्ला केला की बोनस ॲक्शननं दुसऱ्या कोणत्याही मेली हत्यारानं, फक्त ते दोन हातांनी धरायचं नसावं, आणखी एक हल्ला. निकचा हल्ला अटॅक ॲक्शनमध्ये गेला, बोनस ॲक्शन मोकळीच होती, तिथं फीटचा हल्ला बसतो. पाचव्या लेव्हलला दोन, निकचा एक, फीटचा एक. चार. म्हणजे तुमचा फायटर २०२४ चं पुस्तक वापरत असेल, डाव्या हातात शॉर्टसोर्डऐवजी सिमिटर असेल, आणि चौथ्या लेव्हलला त्यानं ही फीट घेतली असेल, तर तो बरोबर आहे. दोन शॉर्टसोर्ड घेऊन मात्र नाही, त्या पुस्तकातही नाही.

वजाबाकीवाल्यावर हसू नका. त्याच्याकडं कुणा दादाचं जुनं पुस्तक असणार. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत दोन हत्यारांनी लढायचं म्हटलं की मुख्य हाताला −६ आणि दुसऱ्याला −१०. दुसरं हत्यार लाइट असेल तर −४ आणि −८. त्यासाठीची फीट घेतली आणि लाइटही असेल तर दोन्हीकडं −२. दुसऱ्या हाताला स्ट्रेंग्थ निम्मीच. आणि सगळे वार करायचे तर जवळजवळ जागेवर उभं राहून, पाच फुटांच्या एका पावलापलीकडं हलायचं नाही. पण त्या नियमांत स्नीक अटॅक प्रत्येक वाराला लागायचा, त्यामुळं दोन डॅगरचा रोग ही तेव्हाची दहशत होती. त्याही आधी, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, मुख्य हाताला −२ आणि दुसऱ्याला −४ असायचे आणि हलक्या चिलखतातल्या रेंजरला ते माफ होते. रेंजर म्हटलं की दोन तलवारी डोळ्यांपुढं येतात त्याचं हे एक कारण.

मी स्वतः साडेतीनवर शिकलो, नांदेडला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, झेरॉक्सच्या पानांवर. पुढं पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१४ ची, घेतली तेव्हा दोन हत्यारांचा परिच्छेद मी वाचलाच नाही, हा तर आपल्याला येतो म्हणून. अर्धं वर्ष एका पोराच्या दोन्ही हातांना −२ लावत बसलो. पोरगं फासे बदलून बघायचं, खुर्ची बदलून बघायचं, एकदा फाशाला अंगारा लावून आणला. शेवटी त्यानं स्वतः नियम वाचला आणि टेबलवर पुस्तक उघडून ठेवलं, काही बोलला नाही. त्या रविवारचा नाष्टा, सुशीला-भजी, माझ्याकडून. तुमच्या तिघांनाही तेच सांगा: पान उघडा. मूळ नियमांचा गाभा फुकट वाचता येतो. २०१४ च्या नियमांचा जानेवारी २०२३ मध्ये आणि २०२४ च्या नियमांचा एप्रिल २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केलाय. कोणता वापरायचा ते ठरवा, आणि दोन्हींतलं गोड गोड उचलू नका. निक पाहिजे आणि जुन्या फीटची एसीही पाहिजे, असं चालणार नाही.

उरले दांडपट्टे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं, तेव्हापासून माझ्याही टेबलवर दर दुसऱ्या फायटरला तो पाहिजे असतो. पुस्तकात तो नाही, म्हणजे आपल्यालाच बनवावा लागतो. लोक पहिली चूक करतात ती त्याला लवचिक पातं बघून फिनेस आणि लाइट देण्याची. पट्ट्याची मूठ आत, हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबणीत, मनगट अडकलेलं. वार फिरतो तो कोपर-खांद्यातून, सगळं अंग त्याच्याबरोबर फिरतं. तो लाइट नाही. म्हणजे २०१४ मध्ये दोन पट्टे फिरवायला ड्युअल विल्डर फीट पाहिजेच.

माझा नियम असा: डी८, कापणारं डॅमेज, किंमत २५ सोन्याची नाणी. हातातून कुणी पाडू शकत नाही, कारण तो हातात नाही, हात त्याच्यात आहे. हा मोठा फायदा. चढवायला-काढायला एक ॲक्शन, ढालीसारखीच. आणि ज्या हातात पट्टा आहे त्या हातानं दुसरं काहीही करता येत नाही. कडी काढायची नाही, दोरी धरायची नाही, स्पेलच्या हालचाली नाहीत. दुसरा पट्टा चढवायला दुसरा माणूस लागतो.

हे मला पुस्तकातून सुचलं नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या चौकात एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा दोन पट्टे फिरवत होता. लिंबं कापून झाली, टाळ्या झाल्या, पोरगा घामानं निथळला. मग त्यानं मान वर केली, तोंड उघडलं, आणि शेजारच्यानं बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. दोन्ही हात तसेच बाजूला पसरलेले. त्याच रविवारी नियम पक्का केला: दोन्ही हातांत पट्टे असतील तर हीलिंग पोशन स्वतः पिता येत नाही. जवळच्या सोबत्यानं आपली ॲक्शन खर्चून पाजायचं.

त्यामुळं तुमच्या फायटरला दांडपट्टे जरूर विकत घेऊ द्या. दुकानदाराकडून दोन्ही हातांत चढवून घेऊ द्या, फिरवून बघू द्या, आरशापुढं उभं राहू द्या. मग दुकानदाराला हळूच विचारायला लावा, "राव, पन्नास नाणी झाली. थैली कोण सोडणार?"